काळा हुलगा, तांबडा हुलगा आणि तीन बाटल्या

निवृत्त झाल्यापासून लग्नाकार्यात भेटलेली माणसं विचारतात, "बाई, तुम्ही कॉलेजात शिकवत होता ते ठाऊक आहे, पण ते संशोधन का काय, ते कशावर होतं?" पूर्वी मी त्यांना प्रबंधाचं नाव सांगायची. ते पुरतं ऐकायच्या आत समोरचा माणूस पाणी प्यायला उठून जायचा. आता मी सरळ सांगते, "मी पानं कुटत होते." मग लोक बसतात आणि पुढचं ऐकून घेतात.

हे उत्तर मूळचं माझं नाही, माझ्या वडिलांचं. अण्णांची सांगलीत हळदीची अडत होती. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून सांगलीतल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले होते आणि जोडीला पीएच.डी.चं काम घेतलं होतं. एकदा अण्णा दुपारचा डबा द्यायला प्रयोगशाळेत आले. मी बर्फात बसवलेल्या खलात पानं घोटत होते. ते धोतराचा सोगा हातात धरून बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं शिकून पानंच कुटतीस व्हय गं? हे तर तुझ्या आजीला बी येत हुतं. आणि तिला बर्फ लागत न्हवता."

मी त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच इथं सांगते.

पान उन्हात अन्न तयार करतं. ते करताना चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे काही जहाल पदार्थही पानात तयार होतात. त्यातला एक म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. दवाखान्यात जखम धुवायला कंपाउंडर वापरायचा, फेस यायचा, तोच. झाडाला पाणी मिळत असेल तर हा पसारा आवरला जातो. पाऊस ओढ देऊन बसला आणि वर ऊन तापलं, की हे जहाल पदार्थ पानालाच भाजायला लागतात आणि हिरवा रंग उडतो. ते आवरण्यासाठी पानात विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. कॅटलेज नावाचं विकर पेरॉक्साइड फोडून त्याचं साधं पाणी आणि प्राणवायू करतं, फेस येतो तो या प्राणवायूचा. पेरॉक्सिडेज नावाचं दुसरं विकर तेच पेरॉक्साइड वेगळ्या रीतीनं संपवतं. कोरडवाहू मुलखातली काही पिकं उन्हात तग धरतात ती कुणाच्या जोरावर, हा माझा प्रश्न होता.

आता ही विकरं काही डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून शोधक रसायनं लागतात. ती दोन तऱ्हेची असतात. एका तऱ्हेच्या रसायनाला विकर भेटलं की रंग येतो. रंग गडद तर विकर जास्त, फिका तर कमी. दुसऱ्या तऱ्हेचं रसायन विकराला जखडून ठेवतं. मग ते विकर नसताना पानाचं काय बिघडतं ते बघायचं. घरात कोण किती काम करतं हे ते माणूस अंथरुणाला खिळल्यावरच कळतं, तसला प्रकार.

माझ्याकडे तीन बाटल्या होत्या. पहिली पेरॉक्साइडची, औषधाच्या दुकानातून आणलेली. पानाच्या रसात ते घातलं की कॅटलेज फेस काढायचं. दुसरी ग्वायकॉलची. त्याला धुरकट वास, जुन्या काळच्या खोकल्याच्या औषधासारखा. पेरॉक्सिडेज असेल तिथं तो विटेसारखा तांबडा रंग द्यायचा. तिसरी बाटली अमिनोट्रायझोलची. परदेशात हे तणनाशक म्हणून वापरत, आम्हाला ते कॅटलेजला जखडायला हवं होतं. माझे मार्गदर्शक गुळवणी सर यांनी मुंबईच्या एका स्नेह्यामार्फत ती एवढीशी बाटली मिळवली होती. ती यायला इतका काळ लागला, की मी त्या दरम्यान सायकल चालवायला शिकले आणि एकदा पडूनही झालं. सरांनी ती आपल्या कपाटात कुलपात ठेवली आणि किल्ली जानव्याला बांधली.

बर्फाचं कारण साधं होतं. पान कुटलं की विकर उघड्यावर पडतं आणि उन्हाळ्यातल्या दुधासारखं नासतं. म्हणून खल, रस, नळ्या, सगळं बर्फात.

या बाटल्यांचा बोभाटा गावात कसा झाला कोण जाणे, पण एक दिवस कडेगावाकडचे एक गणपतराव नावाचे गुऱ्हाळवाले प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. फेटा, कानात भिकबाळी, काखेत फडक्यात बांधलेली गुळाची ढेप.

"ती पानं कुटणारी मॅडम तुमीच न्हवं?"

"मीच. काय काम होतं?"

"आवं, माजा गूळ काळा पडतोय. मार्केटात कुणी बघंना झालंय त्याच्याकडं. रस काढला की घटकाभरात रंग बदलतोय. कॉलेजात कुणीतरी सांगितलं, तुमच्याकडं असं औषध हाय, की ते काळं पाडणारं जे काय असतंय त्याला गप्प बसवतंय."

माणूस चुकीच्या ठिकाणी आला होता, पण चुकीचा विचार करून नव्हे. उसाचा रस काळवंडतो त्यात विकरांचाच हात असतो. मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, की ते औषध म्हणजे विष आहे, पोटात जाणाऱ्या वस्तूत ते कधीच घालायचं नसतं.

"मग तुमी कशाला ठिवलंय?"

"पानांना द्यायला."

"पानांनी काय गुन्हा केलाय तुमचा?"

 मी विषय बदलायला म्हणून त्यांनी सोबत आणलेल्या उसाच्या कांड्याचा थोडा रस काढला, त्यात ग्वायकॉल आणि पेरॉक्साइडचे थेंब टाकले. बघता बघता नळीत विटकरी रंग चढला. गणपतरावांनी ती नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की जणू त्यांच्या उसाला बक्षीस लागलं आहे.

"म्हंजे माज्या उसात बी हाय की हे."

"आहे, आणि भरपूर आहे. म्हणून रस काढला की ताबडतोब कढईत घाला, तापला की हे विकर मरतं. रस पिंपात वाट बघत ठेवू नका."

"कढई एक आन रसाची पिंपं चार, तिथंच घोटाळा हाय बगा," असं म्हणत ते गेले. ढेप मात्र टेबलावर ठेवून गेले. गूळ काळा होता खरा, पण इतका गोड, की सरांनी चहाला दुसरा गूळ नको म्हणून सांगितलं.

अशी माणसं अधूनमधून येत राहिली. पण माझं खरं काम ज्या माणसांमुळे तडीस गेलं ती कवठे महांकाळच्या पुढच्या एका गावातली.

तिथले सुभेदार आप्पा फौजेतून निवृत्त होण्याआधी आमच्या कॉलेजच्या एन.सी.सी.च्या मुलांना कवायत शिकवायला होते. सरांची आणि त्यांची ओळख तिथली. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या काळा हुलगा, म्हणजे काळा कुळीथ, पेरत. बाजारात मिळायचा तो तांबडा. आप्पांचं म्हणणं असं, की पाऊस दगा देतो तेव्हा तांबडा मान टाकतो आणि काळा उभा राहतो. सर म्हणाले, हाच तुमचा प्रबंध. आप्पांनी एकाच रानात निम्म्यात काळा आणि निम्म्यात तांबडा पेरून दिला आणि सरांना शब्द दिला, की बाईंचं काम होईपर्यंत त्याला विळा लागणार नाही.

त्या साली पावसानं खरोखरच दगा दिला. पहिल्यांदा मी तिथली पानं थर्मासात बर्फ घालून एस.टी.नं सांगलीला आणली. गाडी मिरजेच्या अलीकडे बंद पडली, बर्फाचं पाणी झालं, आणि प्रयोगशाळेत काळा, तांबडा दोघांचेही रस सारखेच मुके निघाले. फेस नाही, रंग नाही. सर नळ्यांकडे बघून म्हणाले, "पान इकडे येत नसेल तर प्रयोगशाळा तिकडे न्या." आणि जानव्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली.

घरी हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "एकटी जायाचं न्हाई. मी येतो." मी म्हटलं, तुमची अडत? ते म्हणाले, हळद कुठं पळून जात नाही. अशा रीतीनं दिवाळी झाल्यावर मी, अण्णा, खल-बत्ता, नळ्यांची पेटी, तीन बाटल्या आणि भुशात गुंडाळलेलं बर्फाचं पोतं असे आम्ही एस.टी.त चढलो. कंडक्टर पोत्याखालचा ओघळ बघून म्हणाला, "पावणं, पोतं रडतंय तुमचं." अण्णा गंभीरपणे म्हणाले, "लेक सासरी निघालीया त्याची." पोरीच्या लग्नाचा विषय त्यांनी बर्फाच्या निमित्तानं असा भर गाडीत काढलेला पाहून मी खिडकीबाहेर बघत बसले.

रानात पोचलो तो काय, आप्पांची सून हौसाक्का विळा घेऊन हुलग्यात बसली होती. रानाचा एक कोपरा कापून झाला होता. तिचा नवरा सरहद्दीवर होता, आणि घर, रान, दोन बैल हे सगळं तीच बघायची. वयानं माझ्याएवढीच, पण तिच्यापुढे मी शाळकरी पोर वाटायचे. बांधावर आप्पा हातातली काठी आपटत उभे होते.

"सूनबाई, मी जबान दिलीय गुळवणी सरांना."

हौसाक्का उठली नाही. कापता कापताच म्हणाली, "आप्पा, जबान तुमी दिली, वैरण मला घालाय लागती. गोठ्यात कडबा संपला. बैलांच्या बरगड्या मोजून घ्या एकडाव येऊन. त्यास्नी काय सांगू, कॉलेजातनं बाई यायच्या हायती, तवर दम धरा म्हणून?"

 आप्पांनी काठी आपटायची थांबवली. मी रानाकडे पाहिलं. सरळ दिसत होतं, की आप्पांचं म्हणणं खरं आहे. तांबड्याची पानं मिटून करपली होती आणि काळा धुळीतसुद्धा हिरवा होता. हे दृश्य मला आणखी काही दिवस, वाळत जाताना रोज हवं होतं. असं साल पुन्हा कधी मिळेल सांगता येत नव्हतं, आणि मिळावं असं म्हणणंही बरं दिसलं नसतं. पण घराकडून येताना मी ते बैल पाहिले होते. हरण्या आणि बाशिंग्या. बाशिंग्यानं दावणीची रिकामी गव्हाण चाटून पांढरी केली होती.

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही कापा."

अण्णांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. हौसाक्कानं पहिल्यांदाच विळा खाली ठेवला.

"आणि तुमचं काम?"

मी बांधावर बसले. खरं म्हणजे मला रडू येत होतं, पण रडता रडता माणूस हिशेब करतो तसा मी केला. रान उताराचं होतं. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला ओल. एका कोपऱ्यातली पानं घेऊन भागलं नसतं, वरपासून खालपर्यंतची हवी होती. पण रुंदी कशाला हवी होती?

"अक्का, वरनं खाली अशा दोन दोन ओळी काळ्याच्या आणि दोन दोन तांबड्याच्या ठेवता येतील? बाकी सगळं कापा. मला रोज मूठभर पानं लागतात."

"मूठभर?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मूठभर पाल्यासाठी आप्पांनी सगळं रान बांधून ठिवलं व्हय?"

आप्पा घसा खाकरून म्हणाले, "मला वाटलं साइन्सला लय लागत असंल."

हौसाक्का हसायला लागली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, मग मीही हसले. ती म्हणाली, "ठेवते. पण ह्या उघड्या पट्ट्यांवर गावातली शेरडं तुटून पडणार. ती तुमच्या मानसांनी हाकलायची. मला तेवढा येळ न्हाई."

तेवढ्यात अण्णा पुढे आले. ते म्हणाले, "शेरडं मी बघतो." सांगलीच्या बाजारात ज्यांना लोक वाकून नमस्कार करत ते माझे वडील त्या दिवसापासून एका पट्टीच्या डोक्याला आणि सुभेदार आप्पा दुसऱ्या टोकाला, असे पहाऱ्याला बसू लागले. आप्पांनी त्यांना काठी खांद्यावर कशी धरायची ते शिकवलं. शेरडं आली की आप्पा खड्या आवाजात "हॉल्ट" म्हणायचे, शेरडं थांबायची नाहीत, आणि मग अण्णा धोतर सावरत धावायचे. एक दिवसाआड अण्णा पहाटेच्या गाडीनं सांगलीला जाऊन बर्फ आणायचे. परतल्यावर मी विचारायच्या आधीच सांगायचे, "दोन तृतीयांश शिल्लक हाय. ह्या टायमाला भुसा दाबून भरला."

प्रयोगशाळा आप्पांच्या घराच्या पुढच्या सोप्यात, ओसरीवर, मांडली. सकाळी ऊन चढायच्या आत पानं तोडायची, धुवायची, बर्फात घोटायची, मलमलीतून गाळायची. मग एका नळीत फेस बघायचा, दुसरीत रंग. नेमकं मोजमाप करायला उभी काचनळी टांगली होती. तिच्यातून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं, किती पेरॉक्साइड उरलं ते त्यावरून कळायचं. बघायला गावातल्या बायका यायच्या. ग्वायकॉलची बाटली उघडली की एक म्हातारी रोज म्हणायची, "चूल पेटवली का गं कुणी?"

माझा तर्क असा होता, की काळ्या हुलग्यात पेरॉक्सिडेज जास्त असणार आणि त्याच्या नळ्या गडद लाल होणार. झालं उलटंच. दोन्ही नळ्या सारख्याच विटकरी, काही दिवशी तर करपलेला तांबडाच जास्त रंग देऊन जायचा. फरक दिसला तो फेसात. रान वाळत गेलं तसा तांबड्याचा फेस बसत गेला आणि काळ्याचा टिकून राहिला. म्हणजे काळ्याला तारत होतं ते कॅटलेज, असं दिसत होतं. दिसत होतं, पण सिद्ध झालं नव्हतं. आता तिसऱ्या बाटलीची पाळी होती.

मी पितळी नळीनं दोन्ही हुलग्यांच्या पानांच्या गोल टिकल्या पाडल्या. बशांमध्ये पाणी घेऊन त्यावर त्या तरंगत ठेवल्या. निम्म्या बशांत नुसतं पाणी, निम्म्यांत अमिनोट्रायझोल. बशा अंगणात उन्हात मांडल्या. आप्पांनी त्या बशांभोवती दगड लावले आणि कोंबड्या, पोरं, कुणीही आत यायचं नाही म्हणून सक्त हुकूम काढला. विष आहे म्हटल्यावर ते स्वतः खुर्ची टाकून बसले.

दुपार कलेपर्यंत विषाच्या बशांतल्या टिकल्या कडेनं फिक्या पडायला लागल्या. तांबड्याच्याही आणि काळ्याच्याही. साध्या पाण्यातला काळा तसाच हिरवागार होता. हौसाक्का बैलांना पाणी दावून आली ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काळ्याला काय झालं हो बाई?"

"त्याला राखणारं विकर आम्ही जखडून ठेवलं, अक्का. ते नसलं की काळाही तांबड्यासारखाच."

तिनं वाकून बशा पुन्हा पाहिल्या. मग म्हणाली, "असं कसं हुईल? आमचा बी राखणारा सरकारनं तिकडं बर्फात नेऊन ठिवलाय. म्हणून आमचं घर काय पांढरं पडलं न्हाई." आणि कळशी उचलून गेली.

आप्पा मिशीतल्या मिशीत हसले. मीही हसले आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशांवर रात्री घातलेलं फडकं काढलं. तांबड्याच्या टिकल्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. काळ्याच्या मात्र कडेनंच पांढऱ्या झाल्या होत्या, मधला भाग हिरवा होता. आदल्या दुपारचं ऊन खाऊनही तो तसाच राहिला होता. मला पहिल्यांदा वाटलं, औषधच उतरलं. मग काळ्याच्या थोड्या टिकल्या घोटून त्यात पेरॉक्साइड टाकलं. फेस आला नाही. म्हणजे औषध चोख होतं, कॅटलेज जखडलेलंच होतं. मग हे पान कुणाच्या आधारावर हिरवं राहिलं?

हौसाक्का सोप्यात बसून हुलगा पाखडत होती. सुपाचा आवाज चालला होता. मी तिच्याकडे पाहिलं आणि आदल्या दिवशीचं तिचं बोलणं माझ्या कानात पुन्हा उमटलं. राखणारा नेला तरी घर पांढरं पडलं नाही, कारण दुसरं माणूस उभं राहिलं. मी ग्वायकॉलची बाटली उघडली. त्या म्हातारीनं चुलीचं विचारलं. थेंब मात्र अण्णांना टाकायला लावले. त्यांचा हात हळद पारखून पारखून स्थिर झालेला होता.

विषातल्या तांबड्याच्या रसाला फिका रंग आला. पाण्यातल्या काळ्याच्या रसाला नेहमीचा विटकरी. आणि विषातल्या काळ्याच्या रसात असा गडद तांबडा रंग चढला, की मी तसा त्या सबंध मुक्कामात पाहिला नव्हता. कॅटलेज जखडल्यावर काळ्या हुलग्यानं पेरॉक्सिडेज वाढवून वेळ मारून नेली होती. तांबड्याला ते जमलं नव्हतं.

अण्णांनी नळी उजेडात धरली. "लय चांगला माल हाय," ते म्हणाले. बाजारात उत्तम हळद बघितल्यावर ते याच आवाजात हे म्हणत.

मी हौसाक्काला हाक मारली आणि तिन्ही नळ्या तिच्यापुढे धरून सगळं समजावून सांगितलं. एक गेलं तर दुसरं कामाला लागतं, ते हे बघा. तिनं सूप बाजूला ठेवून नळ्या नीट न्याहाळल्या.

"आन हे जे दुसरं कामाला लागलं, ते दमत न्हाई व्हय?"

"दमत असणार. किती दिवस टिकतं ते अजून बघायचंय."

"बघा मग. आन कळवा मला," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं माझ्यासाठी सूर्य मावळायच्या कितीतरी आधी हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ गरम पेज, केलं. आम्ही जैन, अंधार पडल्यावर जेवत नाही, हे तिनं पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवलं होतं. माडगं पिताना आप्पा म्हणाले, "ह्यात ते तुमचं पेरॉक्सि काय ते हाय का?" मी म्हटलं, शिजवल्यावर मेलं. ते म्हणाले, "बहादुरीनं मेलं," आणि आणखी एक वाटी घेतली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांच्याच पीएच.डी.त घडतं. तोच प्रयोग मी बदलून बदलून पुन्हा केला, सांगलीत कुंड्यांमध्ये झाडं लावून केला, आणि दर वेळी काळ्यानं तोच रंग दाखवला. दुसऱ्या विकराचा जोर किती टिकतो तेही मोजलं. टिकतो, पण कायमचा नाही. हे मी हौसाक्काला तिचा नवरा रजेवर आला असताना सांगितलं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "ऐकलं का?" तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, की कॅटलेज बंद केल्यावर पेरॉक्सिडेज मोजावं हे तुम्हाला सुचलं कसं? मी जे झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "आभारांमध्ये त्या बाईंचं नाव आहे ना?" होतं. आप्पांचं होतं, आणि ‘बर्फाच्या अखंड पुरवठ्याबद्दल’ म्हणून अण्णांचंही होतं. अण्णांनी तेवढं पान गिऱ्हाइकांना दाखवायला दुकानात ठेवलं.

नंतर आमच्याकडे रंग मोजणारं यंत्र आलं. नळी खोबणीत घातली की काटा हलायचा. काम नेमकं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या यंत्राभोवती कधी बायका जमल्या नाहीत, आणि डोळ्यांनी रंग बघून अंगावर काटा येण्याची गोष्टही संपली. बाहेर रानात काम न्यायचं म्हटलं की पुढची मुलं म्हणायची, मॅडम, यंत्राला धूळ चालत नाही. याची रुखरुख मला अजून आहे.

पण तो मुक्काम संपला तो दिवस सांगायचा राहिला.

सगळे नमुने घेऊन झाले होते. विषाच्या बशांतलं पाणी आणि टिकल्या मी गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरल्या, बशा आप्पांनी समोर उभं राहून तीनदा धुवायला लावल्या. रानात उभ्या राहिलेल्या त्या पट्ट्यांना औषधाचा थेंबही लागलेला नव्हता. हौसाक्कानं आणि मी काळ्याच्या पिकलेल्या शेंगा बियाण्यासाठी तोडून घेतल्या. तांबड्याला शेंगा फारशा नव्हत्याच. मग तिनं विळा घेतला आणि वरच्या अंगापासून खालपर्यंत पट्ट्या कापत आणल्या. माझ्या प्रबंधाचं सगळ्यांत महत्त्वाचं प्रकरण मुठीमुठीनं जमिनीवर आडवं होत होतं, आणि मला विलक्षण हलकं वाटत होतं. अण्णांनी पेंड्या बांधल्या. पेंडी घट्ट बांधायची म्हणजे काय, यावरून त्यांचा आणि आप्पांचा वाद झाला.

संध्याकाळचं ऊन गोठ्याच्या दारात आलं होतं. वैरणीचा वास लागल्याबरोबर दोन्ही बैल दाव्याला हिसके देऊन उभे राहिले. हौसाक्का पेंडी सोडून गव्हाणीत टाकणार, तेवढ्यात थांबली आणि तिनं ती माझ्या हातात दिली.

"तुमीच घाला बाई. तुमचं रान हाय हे."

मी अडतीवाल्याची लेक. बैलाच्या एवढं जवळ मी कधी गेले नव्हते. मी हात लांब करून काळा हुलगा पुढे धरला. बाशिंग्यानं गरम श्वास माझ्या मनगटावर सोडला, जिभेचा एक वेढा घातला आणि अख्खी पेंडी माझ्या हातातून ओढून घेतली. तो डोळे मिटून चघळायला लागला. शेजारी हरण्या मान ताणून माझ्याकडे बघत होता.

"दुसरी द्या लवकर," हौसाक्का म्हणाली, "न्हाईतर ह्यो रुसंल."

मी दुसरी पेंडी उचलली.